चालत आलेली जागा

प्रतिक्षाचं लग्न लाखांदूरच्या पोराशी झालं, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. साल दोन हजार चोवीस. वरात गेली, पाहुणे आपापल्या गावी परतले, मांडवाचे बांबू तेवढे अंगणात उभे राहिले. प्रतिक्षाची आजी धुरपता करडीच्या घरी ओसरीत बसली होती. बसल्या बसल्या ती ओसरीतल्या खांबाला म्हणाली, "माही पोरगी जगली असती, तं तिच्याबी पोरीचं लगन झालं असतं आतावरी."

खांब काय बोलणार? पण खांबाच्या पलीकडे खाटेवर बसलेल्या कवडूंचं सुपारी कातरणं थांबलं.

धुरपता खांबाशी बोलते असं म्हटलं की नवख्या माणसाला वाटेल, म्हातारीचं डोकं फिरलं. तसं काही नव्हतं. कवडू तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. तिच्या पिढीत सुनेने भासऱ्याशी तोंडाने बोलायचं नाही, समोरासमोर यायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, अशी रीत. या घराने छप्पन्न साली देव पाण्यात सोडले, गंडेदोरे तोडले, भिंतीवर बुद्धाचा फोटो लावला. ही रीत मात्र कोणी सोडायला सांगितली नाही, म्हणून राहून गेली. नवरा मंगरू होता तोवर दोघांचं बोलणं मंगरूच्या तोंडून व्हायचं. मंगरू वारला. मुलगा चंद्रकुमार एस.टी.त कंडक्टर, तो बायकोला घेऊन साकोलीला राहायला गेला. घरात ही दोघंच उरली. मग धुरपताने खांब धरला आणि कवडूंनी बकरी.

"खांबा, भाजीत मीठ बराबर हाये का, विचार."

"बकरे, मीठ बराबर हाये. त्यात भाजी टाकाची राहून गेली, सांग."

अशी सगळी वर्षं गेली. बकऱ्या मेल्या, नव्या आल्या. खांब तोच होता.

एक गोष्ट मात्र धुरपताने खांबाला किती वेळा विचारली असेल, त्याला गणती नाही, आणि कुठल्याच बकरीला तिचं उत्तर कधी मिळालं नाही.

चंद्रकुमारच्या आधी तिला एक पोरगी झाली होती. मंगरू तेव्हा कन्हानकडे खाणीत कामाला. पोरगी जन्मली आणि नाव ठेवायच्या आतच गेली. धुरपता बाळंतीण, खोलीबाहेर पाय टाकायची सोय नाही. सासूने तिच्या कुशीतून लेकरू उचललं आणि कवडूंच्या हाती दिलं. कवडू शेताकडे गेले, बोडीवर, म्हणजे शेताखालच्या लहान तळ्यावर, हातपाय धुवून परत आले. लेकरू कुठे ठेवलं हे त्यांनी सांगितलं नाही. सासूने तर विचारूही दिलं नाही.

"लहान लेकराची जागा आईले सांगू नये," सासू म्हणाली होती. "आईले जागा समजली का लेकरू उठून येते. अन् आलं का एकटं वापस जात नाही. ज्यानं तोंडानं सांगतलं, त्याचं बोट धरून जाते."

शेत म्हणजे घरामागे लागून तीन बांध्या, धानासाठी बांध घातलेले तीन तुकडे. परसातल्या वाडीला लागून पहिली, तिच्याखाली मधली, आणि शेवटची बोडीच्या काठाला. या तीन बांध्यांत धुरपताने उभं आयुष्य धानाची रोवणी केली. चिखलात पाय टाकताना दर पावलाला तिच्या मनात यायचं, इथं तं नाही? बाकीच्या बाया रोवण्याची गाणी म्हणायच्या, आणि ही पाय कुठे टाकावा म्हणून अंग चोरायची. एवढंच तिला हवं होतं. जागा कळली असती तर तेवढी सोडून चालली असती. आता गुडघे गेले, रोवणी सुटली. आता एकच इच्छा उरली होती, मरायच्या आधी एकदा तिथे जाऊन बसायचं.

लग्न आटोपलं तरी चंद्रकुमारचा पोरगा, प्रतिक्षाचा भाऊ अश्वजित, गावातच थांबला. तो शेतीचं शिकला होता आणि नागपूरच्या एका संस्थेच्या मातीच्या नकाशाच्या कामावर कंत्राटी लागला होता. करडीच्या बाजूची शेतं त्याच्याच वाट्याला आली होती. तो दोन मशिनी घेऊन आला. एक डब्यासारखी. तिच्या काचेवर चाळलेली सुकी माती ठेवायची. मशीन मातीवर उजेड टाकते, डोळ्यांना न दिसणारा, आणि मातीवरून परतलेला उजेड मोजते. हजारो मातींचे उजेड तिच्या पोटात आधीच भरून ठेवलेले. नव्या मातीचा उजेड त्यांच्याशी लावून पाहते आणि अंदाज देते की हिच्यात कर्ब इतका असावा, चिकण इतकी, ओल इतकी. दुसरी मशीन पिस्तुलासारखी. ती मातीला टेकवायची आणि घोडा दाबायचा. ती एक्स-रे मारते आणि चुना, लोह, जस्त, स्फुरद किती ते दाखवते. पूर्वी माती पिशवीत भरून तपासणीला पाठवायची आणि कागद हाती येईतोवर धान निसवून जायचं. आता उभ्या उभ्या कळतं.

पहिल्या दिवशी ओसरीत पिस्तूल पाहून कवडू हसले.

"मातीचा एक्स-रे काढते म्हणे! काहून गा, मातीचं हाड मोडलं का?"

"हाड मोडलं नाही, आबाजी. हाडात असते ते मातीत किती हाये, ते पाह्यते."

"हाडात काय असते?"

"चुना अन् स्फुरद. कॅल्शियम, फॉस्फरस."

आत तांदूळ निवडणाऱ्या धुरपताचे हात सुपात थांबले. तिने आतूनच विचारलं, "अन् हाडाची मातीच होऊन गेली असन तं?"

"तरी थोडंफार राह्यते, आजी. बाजूच्या मातीहून जास्त भरते."

कवडूंचं हसणं गेलं. ते उठले आणि काही काम नसताना बकरी सोडून बोडीकडे निघून गेले.

धुरपताने त्या दिवशी मनाशी एक हिशेब मांडला. ज्याने तोंडाने सांगितलं त्याला धोका. मशिनीला कुठे तोंड असतं?

अश्वजितने तीन बांध्यांत दोऱ्या ताणून चौकोन पाडले. ऊन असं की डांबर पायाला चिकटावं. माती सुकून भेगाळलेली, ढेकळं दगडासारखी. तो डोक्याला दुपट्टा बांधून एकेका चौकोनात वाकायचा, वरची माती खरडून सारखी करायचा, पिस्तूल टेकवायचा. जेवायच्या वेळी परत आला तेव्हा त्याच्या हातातल्या पाटीएवढ्या पडद्यावर शेताचा नकाशा रंगला होता. सगळं हिरवं, फिक्कट हिरवं. एकच डाग लाल.

जेवता जेवता त्याने विचारलं, "आबाजी, मधल्या बांधीत कवा उकिरडा होता का?"

कवडूंचा घास हातातच राहिला. "होता," ते म्हणाले.

धुरपता चुलीपाशी होती. तिने पदर पुढे ओढला आणि दाराच्या फटीतून खांबाकडे पाहून म्हणाली, "खांबा, मी या घरात आली तवापासून उकिरडा चिचेच्या झाडाखालीच हाये. त्या आंधी कोठं होता, मले माहीत नाही बाप्पा."

कवडूंनी ताटात हात धुतला. अर्धं अन्न तसंच होतं. बाहेर जाऊन त्यांनी अश्वजितला हाक मारली. धुरपता भिंतीच्या अलीकडे, आणि भिंत कुडाची. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मशिनीनं काय दाखवलं ते तुह्या आजीले सांगू नको."

"काहून?"

"नको म्हटलं ना."

"आबाजी, ते तुमच्या आईचं सांगणं मले बाबानं सांगतलं हाये. लेकरू उठते, बोट धरते. आपण बौद्ध माणसं, तुमी अजून हे मानता?"

"मी मानतो कुठं? मी नाहीच मानत," कवडू म्हणाले. "पण मी तोंडबी उघडत नाही."

दुसऱ्या दिवशी अश्वजितच्या वरच्या अधिकारी रेणू मॅडम जीपने आल्या. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं मोकळं. त्यांनी धुरपताच्या हातचा चहा घेतला, "आजी, साखरेला हात आखडत नाही हो तुम्ही, मस्त गोड आहे," म्हणाल्या, आणि ओसरीतच डब्याची मशीन मांडून लाल डागातली माती काचेवर ठेवली. माती पिठासारखी कोरडी. अश्वजितने ती रात्रभर पसरून ठेवलेली, चाळलेली.

मॅडमनी पडदा पाहिला. मग अश्वजितकडे.

"ही ओली माती कुठून घेतली?"

"ओली? मॅडम, सुकी हाये. पाहा ना."

मॅडमनी चिमूट घेतली, बोटांत चोळली, फुंकली. धूळ उडाली. त्यांनी काच पुसली आणि परत ठेवली. बोडीच्या काठची माती लावून पाहिली, ती मशिनीने बरोबर सांगितली, सुकी. मधल्या बांधीची ठेवली की परत तेच. मशीन म्हणत होती, ही माती ओली आहे, चिंब आहे, आणि आपल्या पोटात भरलेल्या कुठल्याच मातीशी ही जुळत नाही.

"कन्हार नाही, मोरांड नाही, सिहार नाही," मॅडम म्हणाल्या. "या जिल्ह्यातल्या कुठल्याच जातीची माती नाही ही. असं कधीकधी होतं. काचेवर काही लागलं असेल. उद्या सगळं शेत परत मोज, आणि त्या जागी झेंडी गाड."

जाताना जीपमध्ये बसण्याआधी त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. हात धुतल्यावर परत मागितलं. तिसऱ्यांदा धुताना म्हणाल्या, "वास जात नाही हो. दुधाचा आहे ना हा?"

धुरपताने तांब्या खाली ठेवला. तिला आठवलं, पोरगी गेल्यावर छातीतलं दूध थांबेना. सासू ते वाटीत पिळून घ्यायची आणि बाहेर कुठेतरी मातीत नेऊन ओतायची. कुठे, ते तिनेही सांगितलं नव्हतं.

अश्वजितने शेत परत मोजलं. त्याच दोऱ्या, तेच चौकोन. या वेळी मधली बांधी सगळी हिरवी निघाली. लाल डाग वरच्या बांधीत होता, वाडीच्या कुंपणाला लागून.

तो घरी आला, मशीन ओसरीत ठेवली. बाहेर जाऊन मॅडमना फोन केला. धुरपताला त्याचं अर्धं बोलणं ऐकू आलं. "नाही मॅडम, दोऱ्या मीच बांधल्या... सॅटेलाइटचा फरक म्हणता, पण बांधीच बदलली ना... बरं." तो आत आला तेव्हा धुरपता दारात उभी होती.

"दिसलं तुले?"

"आजी..."

"बोलू नको," तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "एक शब्द बोलू नको. जिथं दिसलं तिथं लाल झेंडी गाड फक्त. तुले तं गाडाचीच हाये ना, मॅडमनं सांगतली तशी? मंग गाड. मी आपली पाहून घेतो."

अश्वजित हसला. त्याला तो म्हातारीचा खेळ वाटला. त्याने तोंडावर बोट ठेवून दाखवलं आणि गेला. वाडीच्या कुंपणापलीकडे काडीला बांधलेली लाल चिंधी उभी राहिली.

उन्हं कलायच्या आत धुरपता तिथे गेली. कुंपणाला धरून गुडघे वाकवले आणि बसली. भोवतालची माती तव्यासारखी तापलेली, पायाला चटका बसत होता. ती बसली तेवढी जागा गार होती. पाण्याच्या माठाखालची असते तशी. तिने तळहात टेकवला. ढेकूळ कोरडं होतं, भेग कोरडी होती, पण गारवा लुगड्यातून वर चढत होता.

तिला वाटलं होतं, आपण रडू. रडू आलं नाही. उलट छाती भरून आली आणि दुखू लागली, ते दुखणं ती विसरून गेली होती आणि तरी ओळखीचं होतं. तिने पदर दाबून धरला. पदर ओला झाला होता. घामाचा असेल. ऊनच तसं होतं.

"आली मी," ती म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही.

परतताना तिने वळून पाहिलं. वारा नव्हता. झेंडीची चिंधी घराच्या दिशेने हलत होती, कोणीतरी खालून चिमटीत धरून ओढावी तशी.

सकाळी अश्वजित चहाला उठला तो उजवा हात झटकत.

"काय झालं?"

"बोट झोपलं. घोडा दाबतो ते. गार पडलं पार."

धुरपताने बोट हातात घेतलं. बाकीचा हात गरम, अंगात कणकण. ते एकच बोट बोडीतून काढल्यासारखं. तिने ते काखेत धरलं, तेल लावून चोळलं, चुलीच्या धगीला धरलं. गरम होईना. अश्वजित दात वाजवत म्हणाला, "आजी, आता बोटाचाबी एक्स-रे काढू का?" आणि हसायला गेला, पण हसू पुरतं आलं नाही.

त्याने मशीनच बिघडली असं धरलं होतं. ती तपासायची म्हणून डाव्या हाताने पिस्तूल उचललं आणि बसल्या जागी अंगणाच्या मातीला टेकवलं. ज्या खाटेवर तो झोपत होता, तिच्या पायथ्याशी. मशीन वाजली. त्याने पडदा पाहिला. खाटेच्या दुसऱ्या बाजूला टेकवून पाहिलं, मग ओसरीच्या पायरीला. परत पायथ्याशी.

"इथं तं..." तो म्हणाला.

"बोलू नको!" धुरपता ओरडली. इतकी ओरडली की बकरीने दावं ताणलं.

पाहायला तिला पडदा लागत नव्हता. खाटेपाशी अंगणातला शेणाचा सडा वाळून पांढरा पडला होता, आणि त्यात हातभर जागा नुकतं पाणी शिंपडल्यासारखी काळी होती. तिच्या खोलीकडे ती जागा गेली नव्हती. दाराकडेही नाही. ती पोराच्या खाटेपाशी येऊन थांबली होती.

मग तिला सगळं एकदम समजलं. मशिनीला तोंड नव्हतं हे खरं. पण झेंडी कोणाच्या हाताने गाडली होती? आपण शहाणपण केलं आणि नातवाला पुढे केलं.

कवडू ओसरीत खांबापलीकडे बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. धुरपता उठली. खांबापाशी आली. सवयीने तिचं तोंड खांबाकडे वळलं, आणि तिने ते फिरवलं. खांबाला वळसा घालून ती पलीकडे गेली, त्यांच्या खाटेसमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर मागे पडला होता, तो तिने ओढला नाही. इतक्या वर्षांत तिने त्यांचा चेहरा असा समोरून पाहिलाच नव्हता. मंगरूसारखेच डोळे होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "लेकराचं बोट गार पडलं."

कवडूंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "तोंडानं सांगतलं का त्यानं तुले?"

"नाही. झेंडी गाडली. मीच गाडाले लावली."

"म्हणजे तोंडानं अजून कोणी सांगतलं नाही."

"नाही."

"मंग बस खाली, धुरपता," ते म्हणाले. तिचं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं. "अन् नीट आईक. अश्वजित, तूबी आईक. सांगणारा मी हावो."

ती जमिनीवर बसली. अश्वजित अंगावर चादर ओढून अंगणातल्या खाटेवर होता. कवडूंनी अडकित्ता बाजूला ठेवला.

"बोडीजवळच्या बांधीत ठेवली मी तिले. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर पळस होता, आता नाही, त्याच्या उगवतीच्या अंगानं. तुह्या लग्नातल्या हिरव्या पातळाचा तुकडा आईनं फाडून देल्ला, त्यात गुंडाळली. उत्तरेकडं डोकं केलं. वरून गोटा ठेवला, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. पाणी येऊन राहिलं होतं, तं माह्या अंगावरचा शेला तिच्यावर धरला माती लोटेपर्यंत."

"बोडीजवळ?" धुरपता म्हणाली. "पण तिथं तं मशिनीले काही दिसलं नाही."

"नाही दिसन. तिथं नाही ते आता."

त्यांनी शेताकडे हात केला.

"दुसऱ्या वर्षी धान निसवलं, तवा त्या जाग्यावरचे धान जास्त हिरवे होते. हातभर जागा. मी म्हटलं, बरोबर हाये. तिसऱ्या वर्षी पाह्यलं तं ते हिरवं तिथं नव्हतं. दोन पावलं इकडं होतं. मले वाटलं, नांगरानं सरकलं. मंग दरसाल पाहू लागलो. धुरा ओलांडला त्यानं. पाणी वरून खाली जाते ना? हे खालून वर येऊन राहिलं होतं. घराकडं. तेवढे धान मी दरसाल वेगळे कापो अन् बोडीत सोडून देओ. घरात आणले नाही कधी. तू म्हणे, खांबा, भासऱ्याले इचार, मंधातले धान कोणं कापले. बकरीले मी सांगो, रानडुकरानं खाल्ले."

"पण मले जागा समजलीच नव्हती," धुरपता म्हणाली. "कोणं सांगतलीच नाही. मंग ते काहून उठलं?"

"आई म्हणे, सांगतलं का उठते. आईलेबी पुरतं माहीत नसन," कवडू म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "तू इचारणं सोडलं नाही ना, बाई. दिवसरात खांबाले इचारे, माही पोरगी कोठं हाये, माही पोरगी कोठं हाये. खांबाले ऐकू येत नाही, असं समजून. कोणाले तरी ऐकू येतच होतं."

अंगणात काही हललं नाही. मांडवाच्या बांबूंच्या सावल्या आखूड होत पायथ्याशी आल्या होत्या. खाटेजवळची ती काळी जागा पाहता पाहता वाळू लागली. कडांपासून पांढरी होत आत आत गेली आणि बोटाएवढी उरली, मग तीही गेली.

"आजी," अश्वजित म्हणाला, "बोटाले मुंग्या येऊन राहिल्या."

त्याला आंधळगावच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, ऊन लागलं, सलाईन लावू. संध्याकाळपर्यंत ताप उतरला आणि बोट इतर बोटांसारखं झालं. पोरगा सलाईनच्या बाटलीकडे पाहून म्हणाला, "बाकी काही नाही, ऊनच होतं ते." धुरपता हो म्हणाली.

आजी-नातू घरी परतले तेव्हा कवडू शेताकडून येत होते. धुऱ्यावरून ते फार सावकाश चालत होते. दोन पावलं टाकायचे, थांबायचे, कडेला खाली पाहायचे, परत दोन पावलं. म्हातारपणाने माणूस थांबतो तो श्वासासाठी. हे थांबणं तसं नव्हतं. आपल्याहून लहान पावलाचं कोणी सोबत असलं की थांबतात, तसं होतं. अश्वजितला ते दिसलं नाही. तो पुढे निघून गेला होता.

दुसरा दिवस बुद्ध पौर्णिमेचा. विहारात वंदना झाली, घरी खीर झाली. कवडूंनी धुतलेलं धोतर नेसलं, दोनदा खीर मागून घेतली. बकरीमार्फत नाही. "धुरपता, अजून वाढ," म्हणाले, आणि तिने समोर जाऊन वाढली. जेवण झाल्यावर ते तिला म्हणाले, "आता कोठंबी पाय टाक. शेत मोकळं हाये."

"तुमाले भेव नाही वाटत?"

"वाटते ना," ते म्हणाले. "पण लहान हाये ते. भेवाडणार किती?"

अश्वजितने नंतर मॅडमच्या सांगण्यावरून तिन्ही बांध्या परत मोजल्या. सगळं हिरवं निघालं, कडेपासून कडेपर्यंत. मॅडमनी पहिली दोन मोजमापं चुकीची धरून काढून टाकली.

कवडू मेश्राम बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, चोवीस मे दोन हजार चोवीसला, भर दुपारी करडीच्या राहत्या घरी ओसरीत वारले.